धुरपाईचा विसावा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. साल्हेरच्या मागच्या अंगाला, डोंगरांच्या बेचक्यात हातझरी नावाचं एक गाव होतं, आणि ते अजूनही आहे. तेव्हा तिथे सडक नव्हती की विजेचे खांब नव्हते. खालून येणाऱ्याला घाट चढून यावं लागे, आणि घाट इतका उभा होता की वर पोचलेला माणूस आधी पाणी मागायचा आणि मग रामराम करायचा.

पाण्याला मात्र तिथे तोटा नव्हता. गावाच्या डोक्यावर कातळाच्या भेगेतून एक झरा निघायचा. वैशाखात सगळा डोंगर भाजून निघाला तरी तो आटायचा नाही. असं म्हणतात, की कुणी एक आसरा, म्हणजे पाण्यातली अप्सरा, सासरी जाताना माहेरचं पाणी ओंजळीत घेऊन निघाली होती. ह्या कातळावर ती दम खायला बसली आणि ओंजळ सांडली. ते पाणी अजून वाहतं आहे.

झऱ्याचं पाणी डोंगराच्या कडेकडेनं मातीच्या चारीतून शेतांकडे यायचं. त्या चारीला पाट म्हणतात, आणि जो पाट राखतो, फुटला तर बांधतो, ज्याच्या त्याच्या पाळीला पाणी सोडतो, तो पाटकरी. हातझरीचा पाटकरी होता लहानू भोये. त्याच्या बायकोचं नाव धुरपी. ही गोष्ट तिची आहे.

धुरपी अंगानं किरकोळ होती, पण तिचा आवाज मोठा होता. लहानू पाटाच्या वरच्या टोकाला असला आणि भाकरी झाली, की ती दारातून हाक मारायची आणि पलीकडच्या डोंगरावरची गुरंही मान वर करायची. लहानू म्हणायचा, "अगं, मला भूक लागलीय हे साऱ्या मुलखाला कशाला सांगतेस?"

एका वर्षी मालेगावच्या मागांवर काम करून थकलेला हुसेन मिस्त्री हवापालटासाठी डोंगरात आला. त्याची छाती मागांच्या कापसानं भरली होती. झऱ्याचं पाणी पिऊन आणि नागलीची भाकरी खाऊन त्याचा खोकला थांबला. मग तो रोज पाटाच्या काठी बसून पाण्याकडे बघत राहायचा. एक दिवस लहानूला म्हणाला, "लहानूभाई, ह्या पाण्यात फार जोर आहे. तुम्ही लोक नुसतंच पिता."

"मग आणखी काय करायचं?"

"दळायचं. आणि दिवे लावायचे."

लहानू हसला. धुरपी हसली नाही. पहाटे उठून जात्यावर दळताना तिचे खांदे भरून यायचे, आणि रॉकेलच्या चिमणीखाली भाकरी थापताना डोळ्यांतून पाणी यायचं. ती म्हणाली, "मिस्त्री, खरं बोलत असाल तर ह्यांना सांगा काय करायचं ते. हे खणतील."

आणि लहानूनं खणलं. झऱ्यापासून उभ्या कड्याच्या छातीवरून त्यानं नवा पाट काढला. माणूस जिथे पाय ठेवायला भितो, तिथे तो कमरेला दोर बांधून पहार चालवायचा. गाव मदतीला होतं, पण कड्यावर लहानूच. असं म्हणतात, की त्या दिवसांत डोंगरावरची माकडं खाली यायची आणि हा कोण नवा, म्हणून त्याच्याकडे बघत बसायची. पाटाच्या शेवटी दगडी हौद बांधला. हौदाच्या तोंडाशी दोन दगडांच्या खाचेत सागाची जाड फळी बसवली. फळी वर ओढली की पाणी लोखंडी नळातून खाली धावायचं, आणि खाली चाकघरात हुसेन मिस्त्रीनं बसवलेलं चाक फिरायचं. फळी पाडली की चाक थांबायचं. चाकावरून पट्टा गेला होता. दिवसा तो गिरणीला जोडायचा आणि दिवेलागणीला डायनामोला.

पहिल्या दिवशी दिवे लागले, तेव्हा गावातले कोंबडे आरवले. धवळू कारभारी गावातला सगळ्यांत जाणता माणूस. तो आपल्या घरातल्या विजेच्या काचेच्या गोळ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि बायकोला म्हणाला, "भागे, तू म्हातारी झालीस की गं. मला कुणी सांगितलंच नाही."

भागाबाईची जीभ चाकापेक्षा जोरात चालायची. ती म्हणाली, "तुम्ही तरी कुठं राजबिंडे दिसताय?"

हुसेन मिस्त्रीनं दिव्यांना बटणं लावली नव्हती. मुद्दामच लावली नव्हती. त्यानं सगळ्यांना चावडीपुढे बसवून सांगितलं, "भरलेली गाडी बैल उतारावर नीट नेतात. तीच गाडी रिकामी सुटली तर काय होतं?"

"उधळते," लोक म्हणाले.

"चाकाचंही तसंच आहे. तुमचे दिवे हे त्याचं ओझं. ओझं असलं की ते नीट चालतं. सगळे दिवे एकदम गेले तर ते उधळेल. म्हणून दिवे कुणी मालवू नका. वर फळी पाडली की आपोआप सगळे मालवतील."

फळी राखायचं काम धुरपीकडे आलं आणि चाकघर लहानूकडे. दिवेलागणीला ती हौदावर चढून फळी ओढायची. गावातली जेवणं उरकली की फळी पाडायची. आया लेकरांना सांगायच्या, "जेव लवकर. धुरपी आता गाव झोपवायला निघाली."

असं सुखाचं चाललं होतं. पण हातझरीचा एक जुना रिवाज होता. गावात कुणी गेलं, की तिरडी गावाबाहेर पडेपर्यंत कुठल्याच घरात उजेड ठेवायचा नाही. चूल विझवायची, चिमणी मालवायची. कारण उजेड दिसला की जाणारा मागं वळून बघतो, आणि मागं बघितलं की त्याचा पाय निघत नाही. त्याची वाट अडते. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे मायेनं पाळलं होतं. आपल्या माणसाला सुखानं जाता यावं म्हणून अंधारात बसायचं. मिस्त्रीला हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगायला हवं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

तिसऱ्या पावसाळ्याच्या आधी, एका संध्याकाळी, धवळू कारभारी जेवता जेवता कलंडला आणि गेला. दिवे लागलेले असताना जाणारा गावातला तो पहिलाच. भागाबाईनं टाहो फोडला. शेजारणीनं तो ऐकला, डोळ्याला पदर लावला, आणि फडक्यानं गोळा धरून जरा फिरवला. गोळा सैल झाला आणि विझला. मग तिच्या शेजारणीनं तेच केलं. मग पलीकडच्या आळीनं.

धुरपी वर हौदाच्या काठावर बसली होती. तिला टाहो ऐकू आला नाही, कारण हौदात पाणी पडत होतं. तिला दिसलं ते एवढंच, की खाली गावातले दिवे एकेक करून जाताहेत, कुणी चांदण्या वेचून ओच्यात टाकाव्यात तसे. आणि चाकाचा आवाज चढतो आहे. आधी गुणगुण होती, मग घोंघावणं झालं, मग किंकाळी. ती उठली आणि फळीवर पालथी पडली. पण फळी खाली जाईपर्यंत उरलेले दिवे पांढरेफेक होऊन फुटले होते, डायनामोतून धूर निघाला होता, आणि पट्टा तुटून लहानूच्या उजव्या खांद्यावर बसला होता.

लहानू वाचला. उजवा हात मात्र गेला. तो अंगाला लटकत राहायचा, पण त्या हातानं त्याला पुन्हा कधी घास उचलता आला नाही.

कुणावर राग धरायचा? सगळ्यांनीच दिवे मालवले होते, आणि ते मायेपोटी. पण माणसाची जीभ गप्प बसत नाही. लोक म्हणू लागले, "धवळूबाबा जाताना चाक सोबत घेऊन गेला." भागाबाईनं हे ऐकलं आणि तेव्हापासून ती जास्तच कडवट झाली.

गाव पुन्हा चिमणीवर आलं आणि बायका पुन्हा जात्यावर. वर्ष उलटल्यावर हुसेन मिस्त्री तांब्याची तार खांद्यावर घेऊन घाट चढून आला. त्यानं लहानूचा हात बघितला आणि खांद्यावरची तार खाली ठेवली. मग त्यानं विचारलं, "का मालवलेत रे दिवे?"

लोकांनी रिवाज सांगितला. तो म्हणाला, "मी आधी विचारायला हवं होतं. रिवाज तुमचा आहे, त्यात मी हात घालणार नाही. पण चाकाला रिवाज कळत नाही. पुढच्या वेळी कुणी गेलं, की आधी धुरपीताईकडे निरोप धाडा. ती फळी पाडेल. चाकही थांबेल आणि अंधारही होईल."

हे सगळ्यांना पटलं. मिस्त्रीनं डायनामोवर नवी तार गुंडाळली आणि चाक पुन्हा फिरू लागलं. तेव्हापासून गावात कुणी गेलं, की रडण्याच्या आधी माणूस धुरपीकडे धावायचा. ती काही न विचारता हौदावर चढायची आणि फळी पाडायची. एका क्षणात सगळं गाव अंधारात जायचं. रिवाज राहिला आणि चाकही राहिलं.

पण त्यातून एक वेगळंच झालं. लोक धुरपीला भिऊ लागले. कुणाच्या घरात आजारी माणूस असला आणि ती दारावरून गेली, की आतून कडी लागायची. बाळंतिणीला बघायला ती आली तर सासू म्हणायची, "निजलीय आत्ता. नंतर ये." भागाबाई तर पाणवठ्यावर तोंडावरच म्हणायची, "आली बघा अंधाराची मालकीण."

धुरपी घागर भरायची आणि घरी यायची. एकदा तिनं लहानूला विचारलं, "मी रोज संध्याकाळी उजेड करते, ते कसं कुणाच्या ध्यानात राहत नाही?"

लहानू डाव्या हातानं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाला, "रोजचं कुणाच्या ध्यानात राहतं का? माझ्या ध्यानात आहे."

अशी वर्षं गेली. मग एका श्रावणात लहानूनं अंथरूण धरलं. बाहेर पावसाची झड लागली होती. ओढे फुगले होते, कड्यावरून माती घसरत होती. एका संध्याकाळी धुरपी त्याच्या उशाशी बसून राहिली. तिला फळी ओढायला जावंसं वाटेना. लहानूच म्हणाला, "जा. उजेड कर. मला तुझं तोंड बघायचंय."

ती पावसात वर गेली, फळी ओढली आणि पळत परत आली. गोळा लागला. लहानूनं तिच्या तोंडाकडे डोळे भरून बघितलं. मग तो म्हणाला, "चाक छान चाललंय गं." आणि तो गेला.

त्या दिवशी निरोप घेऊन कुणी तिच्याकडे येणार नव्हतं. निरोप तिच्याच घरात होता. शेजारची लक्षी आत आली, तिच्याजवळ मढं सोपवून धुरपी उठली. डोळ्यांतून थेंबही न काढता तिनं पहार उचलली आणि ती पुन्हा डोंगर चढू लागली. आपल्या माणसासाठी आता आपणच अंधार करायचा, एवढंच तिच्या मनात होतं. त्याची वाट अडता कामा नये.

वर पोचली आणि बघते, तर पुरात वाहून आलेलं उंबराचं खोड पाटातून येऊन फळीच्या खाली अडकलं होतं. तिनं फळीवर भार टाकला. फळी हलेना. तिनं पहार घालून खोड उचकटायला बघितलं. पहार वाकली, खोड जागचं हललं नाही. पाणी तसंच नळात धावत होतं.

तेवढ्यात तिनं खाली बघितलं. लक्षीला रडू आवरलं नव्हतं. ते गावानं ऐकलं होतं, आणि धुरपीला डोंगर चढताना लोकांनी बघितलं होतं. आता फळी पडेलच, अशा समजुतीनं एका घरानं गोळा सैल केला होता. पहिला दिवा गेला तो भागाबाईचा. मग शेजारचा. मग आणखी एक. आणि खालून चाकाचा आवाज चढू लागला.

धुरपीला तो आवाज ओळखीचा होता. त्याच आवाजानं लहानूचा हात नेला होता. आता तो त्याचं चाक नेणार होता. एकीकडे त्याची वाट होती आणि एकीकडे त्यानं आयुष्य घातलेलं काम. दोन्ही त्याचंच होतं आणि दोन्ही तिच्याच हातात होतं. ती किती वेळ तशी उभी राहिली, कुणाला ठाऊक. चाकाची किंकाळी व्हायच्या आधी तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली.

"दिवे लावा गं! दिवे लावा! माझ्या माणसाला उजेडात जाऊ द्या!"

असं म्हणतात, की त्या हाकेपुरता पाऊस थांबला. असंही म्हणतात, की गोठ्यांतली गुरं एकदम उभी राहिली आणि डोंगरापलीकडच्या गावातही लोकांनी दिवे लावले. पण हातझरीत काय झालं ते नक्की ठाऊक आहे. सगळे आपापल्या घरात गोळ्याकडे हात नेऊन थबकले. मालवलेला दिवा पुन्हा लावायचा, तोही मढं गावात असताना? पहिला हात कुणाचा उठणार?

पहिला हात भागाबाईचा उठला. तिनं फडकं घेतलं, गोळा घट्ट केला आणि दारात येऊन ओरडली, "बघताय काय मेल्यांनो! ऐकू येत नाही का? ती कधी काही मागत नाही, आज मागतेय!"

मग एकेक दिवा परत आला. वरून धुरपीला ते दिसत होतं. जणू कुणी ओच्यातल्या चांदण्या पुन्हा जागच्या जागी ठेवत होतं. चाकाचा आवाज खाली उतरला, घोंघावणं गेलं आणि गुणगुण राहिली. मग ती हौदाच्या काठावर बसली आणि पहिल्यांदा रडली.

घरी आली तेव्हा दारात माणसं जमली होती. एक म्हातारा हळूच म्हणाला, "पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस. पण एवढा उजेड बघून तो मागं वळून बघेल."

धुरपी म्हणाली, "बघू दे की. ज्यानं कड्यावर लोंबकळून पाट खणला, त्यानं एकदा वळून बघितलं तर काय बिघडलं? आपण केलेलं काम बघायला माणसाला नको?"

भागाबाई पुढे झाली आणि धुरपीला पोटाशी धरून म्हणाली, "माझ्या म्हाताऱ्यालाही बघायचं असेल गं. आम्ही त्याला अंधारात घालवला."

फळी पडत नव्हती, म्हणून दिवे चालूच राहिले. सकाळी ढग इतके खाली आले होते की दिवस उजाडल्यासारखा वाटलाच नाही. त्या धुक्यात दिवे तसेच जळत होते. लहानूची तिरडी निघाली. गावाबाहेर पाटाच्या वळणावर विसाव्याचा दगड आहे. तिथे तिरडी टेकवतात, आणि बायका तिथूनच परत फिरतात. धुरपी तिथे पोचली आणि खांदेकऱ्यांना म्हणाली, "जरा थांबा. त्यांचं तोंड गावाकडे करा."

त्यांनी तिरडी फिरवली. खाली धुक्यात सगळं गाव लुकलुकत होतं. चाकाची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. मग धुरपीनं मान हलवली आणि माणसं तिरडी उचलून पुढे गेली.

आणि असं म्हणतात, की तिकडे चितेला अग्नी दिला, त्याच क्षणी इकडे गावातले सगळे दिवे एकदम गेले. एकही गोळा फुटला नाही. चाक शांतपणे थांबलं होतं. लोक हौदाकडे धावले. बघतात, तर उंबराचं खोड काठावर आडवं ठेवलेलं, फळी खाली खाचेत नीट बसलेली, आणि काठाच्या ओल्या मातीत हाताच्या पंजाचा एक ठसा. एकच. डाव्या हाताचा.

कुणी म्हणतं, पूर ओसरला म्हणून खोड आपोआप निसटलं आणि फळी आपल्या वजनानं पडली. तसंही झालं असेल. धुरपीनं मात्र तो ठसा बघितला आणि ती खाली बसली. त्यावर पावसाचं पाणी पडू नये म्हणून तिनं वर पळसाचं पान घातलं, आणि पुन्हा कधी त्या गोष्टीवर ती बोलली नाही.

त्या दिवसापासून ती दारावरून जाताना कुणी कडी लावली नाही. उलट घरात कुणाचा शेवट जवळ आला की लोक तिला बोलावू लागले. ती यायची, उशाशी बसायची आणि विचारायची, "उजेड पुरेसा आहे ना?" फळी ती म्हातारपणापर्यंत राखत राहिली. लोक तिला धुरपाई म्हणू लागले.

ती गेली ती भर दुपारी, ऊन लख्ख असताना. गिरणीवर दळण चालू होतं. लोकांनी दळण थांबवलं, पट्टा गिरणीवरून काढून डायनामोला चढवला आणि त्या उन्हात घराघरात दिवे लावले. खालच्या गावातून आलेला एक पाहुणा विचारू लागला, "अहो, दिवसा कशाला?"

भागाबाईची नात तिथे होती. तिनं सांगितलं, "ती वळून बघेल म्हणून."

आता हातझरीला सडक आहे, खांबही आले आहेत. खांबांवरची वीज कधी असते, कधी नसते. चाक अजून फिरतं, आणि दिवाळीच्या आधी सगळं गाव मिळून पाटातला गाळ काढतं. हौदाच्या काठी पळसाचं पान ठेवल्याशिवाय कुणी फळीला हात लावत नाही. आणि गावात कुणी गेलं, मग ते म्हातारं असो की तान्हं, दिवस असो की संध्याकाळ, हातझरीत दिवे मालवत नाहीत. लावतात. खांबांवरची वीज गेलेली असली तर कुणीतरी धावत जाऊन फळी ओढतो. मग तिरडी निघते आणि पाटाच्या वळणावरच्या दगडापाशी थांबते. त्या दगडाला धुरपाईचा विसावा म्हणतात. तिथे खांदेकरी जाणाऱ्याचं तोंड गावाकडे वळवतात आणि थोडा वेळ गप्प उभे राहतात.

पुढे चला असं तिथे कुणी म्हणत नाही. त्याचं बघून झालं असं वाटलं, की मगच उचलतात.